तक्रार आणि हिशेब

दुबईत तक्रार करणं फार सोपं. फुटपाथची फरशी निखळली, रस्त्यावर खड्डा दिसला, की रस्ते व वाहतूक प्राधिकरणाच्या (आरटीए) ॲपमधल्या ‘मदिनती’ सेवेवर फोटो पाठवायचा. टेबलाटेबलाला हेलपाटे घालत वाढलेल्या आम्हा मराठी माणसांना याचं अप्रूप वाटतं. गावाकडे फोनवर आम्ही ते जरा फुशारकीनंच सांगतो.

१६ एप्रिल २०२४ला अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९पासूनच्या नोंदींतला हा उच्चांक. दुबईतही रस्ते पाण्याखाली गेले, विमानतळ खोळंबला. जूनमध्ये लगेच ‘तसरीफ’ हा ३० अब्ज दिरहॅमचा पाणीनिचऱ्याचा प्रकल्प जाहीर झाला, मुदत २०३३.

मुंबईकराला २६ जुलै २००५ आठवणारच. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि निचऱ्याचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३पासून बहुतांशी कागदावरच होता. मुंबईची ही दिरंगाई आणि दुबईची तत्परता शेजारी ठेवली, की तुलना तिथेच संपली असं वाटतं.

पण त्याच २००५च्या ऑक्टोबरमध्ये माहिती अधिकार कायदा लागू झाला. नाल्यातून गाळ किती काढला, कुठे टाकला, बिल किती दिलं, हे कुणीही सामान्य भारतीय नागरिक विचारू शकतो. कामाची पाहणी करण्याचा, वापरलेल्या साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क त्या कायद्यात आहे. अमिरातीतही हिशेब तपासला जातो, त्यासाठी संघराज्याची लेखापरीक्षण संस्था आहे. संघीय राष्ट्रीय परिषदेच्या चाळीसपैकी निम्म्या जागांसाठी मतदानही होतं, पण ते नागरिकांपुरतं. आम्ही इथले रहिवासी. आमच्या वाट्याला येते ती तक्रार.

तक्रार करणाऱ्याला दुरुस्ती हवी असते. ती झाली की तो ग्राहकासारखा समाधानानं निघून जातो. हिशेब मागणारा मात्र खड्डा बुजल्यावरही थांबतो: बुजवला कुणी, कितीत, आणि मुळात पडलाच का? चोख सेवेची सवय लागली, की हे थांबणं हळूहळू सुटत जातं.

आमचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, म्हणजे गावच्या नळपाणी योजनेची मोजमाप पुस्तिका मागण्याचा हक्कही शाबूत आहे. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘दुबईसारखं करा’ असं लिहायला काही लागत नाही. माहितीच्या अर्जाला दहा रुपये लागतात, आणि उत्तर येईपर्यंत, न आल्यास अपिलापर्यंत, चिकाटी लागते. दुबईत बसूनही करता येण्याजोगं नागरिकाचं काम तेच आहे.