लाइप्झिग येथील सेंट टॉमसचें चर्च

दर शुक्रवारीं सायंकाळीं या चर्चांत मुलांचें गायन होतें, असें कळल्यावरून आम्ही मुद्दाम तो वार साधला. १२१२ सालापासूनचें हें गायकपथक. १७२३ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७५० पर्यंत, योहान सेबास्टियन बाख त्याचा गुरु होता. त्याच्या मृत्यूबरोबरच ‘बरोक’ संगीताचा काळ संपला, असें पंडित मानतात. कामाचा बोजा तरी केवढा! पहिलीं कांहीं वर्षें जवळजवळ दर रविवारीं नवा ‘कँटाटा’, म्हणजे वाद्यांच्या साथीनें गावयाची धर्मपर रचना, त्यास सिद्ध करावी लागे. तिच्या अखेरीस बहुधा ‘कोराल’ येई. त्याची चाल आपल्या आरतीप्रमाणें सर्वांच्या परिचयाची.

‘फ्यूग’नें मात्र आमचे कान गोंधळले. एक आवाज पद उचलतो. तें पुरें होतांच दुसरा तेंच पंचमावरून घेतो, मग तिसरा. आणि पहिला थांबत नाहीं, निराळेच स्वर गुंफीत राहतो. यांत मुख्य गायक कोण आणि साथीदार कोण?

बाखला खुणेच्या दगडावांचून दुसऱ्याच चर्चच्या आवारांत पुरलें होतें. त्याच्या म्हणून मानलेल्या अस्थी १८९४ सालीं सांपडल्या. तें चर्च दुसऱ्या महायुद्धांत उद्ध्वस्त झाल्यावर त्या १९५० सालीं येथें आणल्या. गायनानंतर कोणीतरी समाधीवर फुलें ठेवून गेलें.