वगारीचा जमाखर्च

लहान रेडकू विकत घ्यायचे, तीन-साडेतीन वर्षे वाढवायचे आणि गाभण झाले की विकायचे, या व्यवसायाला आमच्या बी. कॉम.च्या पुस्तकांत स्वतंत्र प्रकरण नाही. खानापूर तालुक्यातल्या आमच्यासारख्या घरांत मात्र तो आजोबांच्या आधीपासून चालत आला आहे. दीड एकर भात, पाऊस भरपूर, पिंजर घरचे, बांधावरचे गवत घरचे. एवढ्या भांडवलावर दुधाचा धंदा उभा राहत नाही, पण दावणीला एक-दोन रेडके नक्कीच उभी राहतात.

यामागचे अर्थशास्त्र साधे आहे. बेळगावच्या गवळ्याला दूध विकायचे असते. चहाला आणि कुंद्याला शहराला ते हवेच असते. रेडकू दूध पिते आणि गोठ्यातली जागाही अडवते. ते माजावर येईपर्यंत विकतच्या चाऱ्यावर पोसणे शहरात परवडत नाही. म्हणून मादी रेडकू सहा-सात महिन्यांचे झाले की खेड्याकडे येते आणि गाभण वगार होऊन पुन्हा शहराकडे जाते. मधला काळ आमचा. नर रेडकू मात्र सहसा कोणी घेत नाही. शेतात ट्रॅक्टर आल्यापासून रेड्याला काम उरलेले नाही.

खरेदी बाबा करतात. त्यांचे बघणे मी लहानपणापासून पाहत आले आहे. केस राठ आणि पोट सुटलेले दिसले की ते पुढे सरकतात; जंत झालेले किंवा दुधावाचून राहिलेले रेडकू असे दिसते. मग डोळे, पाठ, चारही सडे आणि शेवटी रेडकाची आई. पंढरपुरी म्हशीची लांब शिंगे पाहून आम्ही हरखतो, पण बाबा तिची कास बघतात. शाळा माझी मराठी माध्यमाची, कन्नड मी पुस्तकात शिकले खरी, पण "एष्टु?" या प्रश्नाला झटक्यात आकडा सांगायला शिकले ती बाजारात. आणि हेडे लोक टॉवेलाखाली बोटे धरून जो सौदा करतात, त्या भाषेला ना मराठी विभाग ना कन्नड विभाग.

बाबांचा जमाखर्च भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो. जुनी कॅलेंडरे जमवून गेल्या वर्षी मी एका वगारीचा हिशेब मांडला. २०२१ च्या नोव्हेंबरात ती सात महिन्यांची असताना ८,००० रुपयांना घेतली. २०२५ च्या जूनमध्ये, आठ महिन्यांची गाभण असताना ६८,००० रुपयांना विकली. मधले दिवस सुमारे १,३००. पेंड, भुसा आणि क्षारमिश्रण मिळून २४,५०० रुपये. औषधे, रेतन, दावे, टेम्पो, बाजाराची पावती असे ३,०००. एकूण खर्च ३५,५००; नफा ३२,५००. माझी दुसऱ्या वर्षाची फी त्यातूनच भरली गेली.

वर्गात 'इंड-एएस ४१' हे लेखा मानक शिकताना मला या वगारीची आठवण झाली. ते मोठ्या कंपन्यांसाठी आहे, पण त्यातले तत्त्व आमच्या गोठ्यातले आहे. यंत्रावर दरवर्षी घसारा धरतात, कारण ते झिजते. जनावर ही जैविक मालमत्ता. तिचे दरवर्षी रास्त मूल्य काढायचे, विक्रीचा खर्च वजा करायचा आणि वाढलेली किंमत विक्रीची वाट न बघता त्याच वर्षाच्या नफ्यात दाखवायची. आमच्याकडे हे काम पाडव्याला होते. शहरातले गवळी त्या दिवशी म्हशी सजवून मिरवतात, व्यापारी वह्या पुजतात, आणि आमच्या गोठ्यासमोर उभे राहून शेजारी विचारतात, "हिचे आता किती येतील?"

किंमत अशी कागदावर वाढते खरी, पण ती हातात येईलच असे नाही. २०२२ च्या सप्टेंबरात लम्पीची साथ आली. हा आजार मुख्यतः गाई-बैलांचा. तरी दोन्ही राज्यांत ठिकठिकाणी जनावरांचे बाजारच बंद झाले. त्या दिवसांत कुणाच्या घरी दवाखान्याची वेळ आली असती, तर दावणीला बांधलेले पैसे दावणीलाच राहिले असते.

हिशेब मांडताना आणखी एक गोष्ट दिसली, ती कॅलेंडरवर कुठेच नव्हती. गवत कापून आणणे, शेण काढणे, पाणी पाजणे, धुणे हे सगळे आई करते. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो; ती हंबरत नाही की उड्या मारत नाही. पहाटे गोठ्यात जाणाऱ्यालाच तो कळतो, आणि एक माज चुकला की २१ दिवस वाया. ती पहाटेची नजर आईची. एका वगारीमागे रोजचा एक तास धरला तरी १,३०० तास होतात. ३२,५०० ला १,३०० ने भागले, उत्तर आले तासाला २५ रुपये. म्हणजे आठ तासांच्या दिवसाला २००. रोजगार हमीची कर्नाटकातली मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३७० रुपये होती.

हे मी जेवताना सांगितले. बाबा म्हणाले, "रोज तीनशे सत्तर देणारं काम गावात बारा महिने कुठं असतंय? आणि पहाटे पाचला तुझ्या आईला कामाला कोण बोलावणार?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. ज्या तासाला दुसरे गिऱ्हाईक नाही त्याचा संधी-व्यय शून्य, असे आमचे पुस्तकही म्हणेल.

आई म्हणाली, "पंचवीस तर पंचवीस. रोज हातात आले असते तर उरले असते काय? वगारीनं ते खाऊन ठेवलं म्हणून तुझी फी निघाली." थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "पण आता दोन नकोत. गुडघे ऐकत नाहीत."

बाबांच्या मनात या खेपेला दोन रेडके घ्यायची होती, माझ्या एम. कॉम.साठी. त्या दोन रेडकांचे दोन तास आईच्या गुडघ्यांवर पडणार होते आणि पदवी माझी होणार होती. मी सांगितले, एकच घ्या. राहिलेल्या पैशाचे मी शिकवण्या करून बघते. आणि विक्रीतली आईची मजुरी आधी तिच्या पासबुकात जाईल. बाबा हात धुऊन आले आणि म्हणाले, "लिही तसं."

नोव्हेंबरात एक रेडकू आले, ९,५०० रुपयांना. त्याच्यासाठी मी वेगळी वही घातली आहे. पहिल्या रकान्यात पेंड आणि औषध, दुसऱ्यात आईचा रोजचा एक तास, ४६ रुपये. हाच दर मागच्या वगारीला लावला तर ३२,५०० चा नफा जाऊन २७,३०० चा तोटा दिसतो. बाबांनी तो आकडा दोनदा वाचला आणि विचारले, "तोटा दाखवणारी वही ठेवायची कशाला?"

तोटा होताच बाबा. तो कोण सोसत होते, एवढेच वहीत आता दिसते.