नेम चाळीसचा, कपाट भरलेलं



मागच्या रविवारी मोटर बंद करायची राहिली आणि टाकी वाहून अर्धी गच्ची भिजली. पाणी वाया गेलं म्हणून मी हळहळत खाली आले, तर सूनबाई लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "आई, माझंही सकाळपासून हेच चाललंय. बफर वाहतोय."

ती वाळूजच्या एका कंपनीत यंत्रांमधल्या छोट्या चिपसाठी प्रोग्राम लिहिते. बफर म्हणजे काय, विचारलं. म्हणाली, "आपली टाकीच. नळ त्याच्या वेळेला येणार, आपण आपल्या वेळेला वापरणार, मधली साठवण." मुलं शिकायला वापरतात त्या अर्डुइनो उनो बोर्डवर कामाची मेमरी अवघी २ केबी, म्हणजे २०४८ अक्षरांपुरती. बाहेरून येणारी माहिती झेलायला त्यातले ६४ खण. जास्त घेतले तर बाकीच्या कामांना जागा उरत नाही. म्हणून तेच खण गोल फिरवून वापरायचे. एक खूण भरायच्या खणावर, एक उपसायच्या. शेवटचा खण झाला की परत पहिला. सरकवासरकव नाही, या भांड्यातून त्या भांड्यात ओतणं नाही. मला फार आवडलं हे.

"पण भरणारी खूण उपसणारीला गाठतेय का, ते आपणच तपासायचं. सी भाषा अडवत नाही. चाळीस खण सांगून एक्केचाळिसाव्यात लिहिलं तरी लिहू देते. ते शेजाऱ्याच्या जागेवर जाऊन बसतं."

१९८८ साली अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रामने हजारो संगणक बेजार केले. त्याच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक हीच होती. ५१२ अक्षरांच्या जागेत ५३६ अक्षरं पाठवली, आणि आत घेणाऱ्या 'गेट्स' या फंक्शनला जागा किती हे विचारायची सोयच नव्हती. ते फंक्शन सी भाषेच्या नियमांतून २०११ साली काढलं.

मी मात्र चाळीस या आकड्यालाच अडकले होते. बारा वर्षांपूर्वी कचनेरला माताजींसमोर परिग्रह परिमाणाचा नेम घेतला, त्यात साड्या चाळीस. मी बी.कॉम. झालेली, घरचा रोजमेळ पैशापैशाचा लिहिते. साड्या एकदाही मोजल्या नव्हत्या.

दुपारी मोजल्या. त्रेसष्ट.

वरच्या तेवीस होत्या कपाटाच्या खालच्या दोन खणांत. ते खण लग्नानंतर आम्ही सूनबाईला दिले होते. तिचे कपडे चार वर्षं पलंगाखालच्या बॅगेत आहेत. ती कधी बोलली नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

एकोणीस साड्या वाटल्या. कामाच्या मावशींना एक दिली आणि दुसऱ्याच दिवशी विचारलं, "नेसली नाहीस गं अजून?" सूनबाई आतून हसली. "आई, एकदा मोकळी केलेली जागा पुन्हा आपली म्हणून वापरणं, हीसुद्धा आमच्यात मोठी चूक असते!"

दशलक्षण तोंडावर आलंय, त्याआधी माताजींकडे जाऊन सगळं सांगून प्रायश्चित्त घ्यायचं आहे. बॅग काल वर आली, खण तिचे तिला मिळाले. चार साड्या अजून खुर्चीवर पडून आहेत. त्यातली एक माझ्या आईची इरकल आहे.