हिरवळीखालचे पाणी

गोल्फ या खेळाविषयी मला जे काही कळते, ते सारे जमिनीखालचे आहे. चेंडू किती फटक्यांत भोकात गेला म्हणजे शाबासकी मिळते, हे मला आजही नीट सांगता येणार नाही; पण त्या भोकाभोवतीच्या हिरवळीखाली किती वाळू नि किती खडी आहे, हे मी झोपेतही सांगेन. कारण सोपे आहे. माझे आण्णा गेली चोवीस वर्षे शहरातल्या एका गोल्फ मैदानावर माळी आहेत. आज पाणी कुठे साचले आणि ते कसे काढले, याच विषयावर आमची रात्रीची जेवणे होतात.

हा खेळ वाढला तो स्कॉटलंडच्या समुद्रकाठी. सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान वाळवट जमिनीवरच आहे. पाऊस पडला की पाणी आपसूक खाली जाते. एकोणिसाव्या शतकात ते मैदान सांभाळणारे टॉम मॉरिस त्यावर आणखी वाळू पसरीत आणि गवत तरारून येई. हाच खेळ दख्खनच्या काळ्या मातीत आणला, की पंचाईत होते. काळी माती पाण्याने फुगते, तिची छिद्रे मिटतात आणि वरचे पाणी वरच राहते. मग करायचे काय? तर माती उकरून तिथे एक छोटासा समुद्रकिनारा पुरायचा! अमेरिकेतील गोल्फ संघटनेने १९६० साली त्याची रीत घालून दिली. तळाच्या चरांत माशाच्या काट्यासारखे पसरलेले सच्छिद्र नळ, त्यांवर चार इंच खडी आणि तिच्यावर बारा इंच वाळूचा थर. गंमत अशी, की बारीक वाळूतले पाणी खालच्या जाड खडीत लगेच उतरत नाही. वाळू ते धरून ठेवते, गवताची तहान भागवते, आणि फारच झाले की मग खाली सोडते. आण्णा हे पदार्थविज्ञान एका वाक्यात सांगतात : "वाळूचं पोट भरल्याबिगर ती खडीला काय देत न्हाई."

या वाळूवर उगवते ती हरळी. शेतकरी जी खणता खणता मेटाकुटीला येतो आणि गणपतीला जिच्या दूर्वा वाहतो, तिचा आफ्रिकेतल्या तिच्या एका बहिणीशी संकर करून काढलेल्या जाती इथे लावतात. ती तीन ते पाच मिलिमीटर ठेवून कापायची. अधूनमधून पोकळ सुळ्यांच्या यंत्राने जमिनीला भोके पाडून त्यांत वाळू भरायची, म्हणजे मुळांना हवा मिळते. माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून इथे आले. गावी असेतो त्यांनी हरळी उपटली. मुलाला मात्र हरळी वाढवण्याचा पगार मिळतो, याचे त्यांना शेवटपर्यंत हसू येई.

मैदानाच्या उतारांवर खडी भरलेले चर असतात, त्यांना 'फ्रेंच ड्रेन' म्हणतात. त्यांचा फ्रान्सशी संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच या अमेरिकन वकिलाने १८५९ साली शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिले, त्याचे हे नाव. म्हणजे ही विद्याही मुळात शेतकऱ्याचीच.

पण चरातून गेलेले पाणी पुढे जाते कुठे? ते भिंतीपलीकडच्या नाल्यात जाते, आणि तो नाला आमच्या वस्तीतून वाहतो. मोठा पाऊस थांबला की मैदानाची हिरवळ थोड्याच वेळात खेळण्याजोगी होते. त्याच वेळी आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी असते. नाल्यात इतरही भागांचे पाणी येते, सारा दोष मैदानाचा नाही, हे खरे. पण आण्णांनी दुपारी ज्या पाण्याला वाट करून दिली, तेच आई संध्याकाळी बादलीने उपसते, हेही खरे. "तिकडचं काढून इकडं आणलंत की ओ!" असे ती म्हणते, तेव्हा आण्णा गप्प असतात.

तीन पावसाळ्यांपूर्वी त्यांनी साहेबांपुढे एक गोष्ट मांडली. चर नाल्याऐवजी मैदानातल्या तळ्याकडे वळवावेत. पाणी तिथे थांबेल, सावकाश सुटेल आणि उन्हाळ्यात गवताला उपयोगी पडेल. वस्तीचे नाव काढले असते तर कागद तिथेच राहिला असता. आण्णांनी टँकरच्या खर्चाचे नाव काढले, आणि मंजुरी मिळाली. त्या मे महिन्याच्या सुटीत मीही रोजंदारीवर खणायला होतो. पाणी भरलेली प्लॅस्टिकची नळी दोन टोकांना धरून आम्ही उतार काढला : शंभर फुटांना एक फूट. "कुदळ मागनं उचल. आधी पाणी कुठं जाणार ते बघ," असे आण्णा दर पाच मिनिटांनी बजावीत.

आता आमच्या गल्लीत पाणी येते, पण उंबऱ्याच्या आत येत नाही. अर्थशास्त्राच्या तासाला 'विकास' हा शब्द निघाला, की मला तो चर आठवतो. कुठलीही सुरेख, कोरडी, हिरवीगार जागा दिसली, की तिथले पाणी कुणाच्या दारी गेले असेल, असे मनात येते.

अजून सहा ग्रीनचे चर नाल्यातच उतरतात. त्यांच्यासाठीचा दुसरा अर्ज आण्णांनी यंदा दिला आहे. तो माझ्या अक्षरात आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पाऊस लागलेला असेल, आणि अर्जाचे काय झाले, ते आमच्या उंबऱ्यावर कळलेले असेल.