दिवाळीत कुत्री सांभाळणाऱ्या भाचीस

मलाजखंड,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. भाचीबाई,


तुझं पत्र मिळालं. गोंदियाच्या घरामागची जागा साफ झाली, ओळखीच्यांचे फोन येऊ लागले आणि आता धनत्रयोदशीलाच मुहूर्त करायचा, असं तू लिहितेस. बाहेरगावी जाणाऱ्यांची कुत्री सांभाळायचं काम जरूर सुरू कर, पण या दिवाळीत नको. आपल्या धंद्याची दिवाळी भाद्रपदातच पार पडलेली असते. तेव्हा ज्यांना 'नाही' म्हणून झालं, त्यांच्याच जोरावर पुढे सणात झोप लागते.

मलाजखंडसारख्या आडगावात हे काम कसं चालतं, असं तुझे काका सुरुवातीला विचारायचे. इथे हिंदुस्तान कॉपरची तांब्याची खाण आहे. १९८२ पासून प्रकल्पाभोवती वसाहत उभी राहिली, आणि क्वार्टरमधली माणसं बिहार, बंगाल, छत्तीसगड, कुठकुठली. रजा मिळाली की सगळे लांब जातात. कुत्रं न्यावं तर रेल्वेचा नियम असा, की एसी फर्स्टचा अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तरच ते सोबत. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. टू टियर, थ्री टियर, स्लीपरमध्ये मोठ्या कुत्र्याला जागाच नाही. तेव्हा त्यांना माझी आठवण होते. बरं, बिहारची मंडळी दिवाळीला गेली की छठ करूनच परततात, म्हणजे लक्ष्मीपूजनानंतर आणखी सहा दिवस तरी धर. 'चार दिवस ठेवा' याचा अर्थ कुणाच्या तोंडून काय होतो, ते आधी विचारून घे. नाहीतर भाऊबीजेला येणाऱ्या नव्या पाहुण्याला द्यायला खोलीच उरत नाही.

किती कुत्री घ्यायची हे जागेवरून ठरवू नकोस. तुझ्या मागच्या अंगणात दहा मावतील, पण रात्री दोन वाजता दोघांना एकदम उलट्या सुरू झाल्या तर तिथे हात किती आहेत ते मोज. मी माझ्या खोल्यांपैकी एक सणातही रिकामीच ठेवते. आजारी पडलेल्याला वेगळं काढायला ती लागतेच. लोक ती पाहतात आणि म्हणतात, 'जागा तर आहे की हो!' आता मी उत्तर देत बसत नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळी हमखास एक फोन येतो: 'आजच इंजेक्शन दिलं, उद्या आणतो.' याला ठाम नकार दे. लस टोचली त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही. त्याला दोनेक आठवडे जातात. पिल्लाचे डोस तर टप्प्याटप्प्याने पुरे व्हावे लागतात. रेबीजचं कार्ड सगळे दाखवतात, पण पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या रकान्यात तारीख आहे का ते बघ. पार्व्होची लागण झाली तरी तीन ते सात दिवस, कधी त्याहून जास्त, कुत्रं वरून ठणठणीत दिसतं. तेवढ्यात ते तुझं अंगण विषाणूने भरून टाकतं, आणि तो विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. तू फिनेलचा कॅन आणून ठेवलास म्हणतेस. त्याने वास जाईल, पार्व्हो जाणार नाही. आधी घाण पूर्ण धुऊन काढायची, मग घरगुती ब्लीच एकास तीस पाण्यात घालून फरशी दहा मिनिटं ओली ठेवायची. म्हणूनच सांगते, कुत्र्यांच्या खोल्यांना माती किंवा शेणाची जमीन नको, फरशी कर. भिंतीच्या भेगाही बुजव. पावसाळ्यानंतर गोचिड्या त्याच भेगांत अंडी घालतात, आणि एका कुत्र्याच्या अंगावरची गोचीड पुढच्या पाहुण्याला ताप देऊन जाते.

येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सणाच्या महिनाभर आधी एक रात्र ठेवून घे. पहिल्या रात्री बरीचशी जेवत नाहीत, दाराशी बसून राहतात. त्याचं एवढं काही नाही. पण जे लोखंडी जाळी चावून हिरड्या रक्तबंबाळ करतं, ते दिवाळीत करंजीच्या वासाने शांत होणार नाही. त्याच्या मालकाला तेव्हाच सांगावं, म्हणजे त्याला दुसरी सोय करायला वेळ मिळतो. सोबत घरचीच न धुतलेली चादर आणि रोजचंच खाणं मागून घे. खाणं एकदम बदललं की जुलाब ठरलेले. माजावर आलेली कुत्री तर कुणी कितीही गळ घातली तरी घ्यायची नाही.

फराळाचा त्रास तुला अजून ठाऊक नाही. लोक कुत्र्यासोबत डबा देतात, 'याला आमच्या हातचा बेसनाचा लाडू फार आवडतो.' लाडवात बेदाणा असतो. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. किती खाल्ल्यावर होईल हे आधी सांगता येत नाही. द्राक्षातलं टार्टरिक आम्ल त्याला कारण असावं, असं अलीकडे डॉक्टर मानतात. कांदा, लसूण, चॉकलेट हीसुद्धा विषंच. नामदेवांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावावं. आपल्या नशिबी कुत्र्याच्या तोंडातून लाडू काढणं आहे. डबा मी घेते, नाही म्हणून कुणाचं मन मोडत नाही. लाडू तुझे काका खातात.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळ्यांचं फिरणं उजेडातच उरकायचं, पट्टा आणि हार्नेस दोन्ही लावून. बिथरलेलं कुत्रं मान मागे ओढून नुसत्या पट्ट्यातून सहज निसटतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ सांगितली होती. आमच्या गल्लीतली पोरं ती कुठे वाचायला बसली आहेत! मी कुत्र्यांना आतल्या खोल्यांत घेते, पंखा जोरात, रेडिओ चालू. इथले काही मालक म्हणतात, आमच्याला खाणीतल्या सुरुंगांची सवय आहे. पण सुरुंगाचा धमाका एकदा होतो आणि संपतो, फटाक्यांची लड थांबतच नाही. आणि कुणी झोपेची गोळी हातावर ठेवली तर डॉक्टरची चिठ्ठी माग. जुन्या काही औषधांनी अंग सुस्त पडतं, भीती तशीच आत राहते. आपल्याला वाटतं, कसं शहाण्यासारखं पडून आहे.

रात्री कुणालाही उघड्यावर ठेवू नकोस. आमच्याकडे कान्हाचं जंगल, तुमच्याकडे नवेगाव-नागझिरा. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांचं खाणं तपासलं, तेव्हा वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांपेक्षाही जास्त. नुसतं कुंपण बिबट्याला अडवत नाही. वरूनही जाळी हवी.

सगळ्यात अवघड काम कागदाचं, ते आता सांगते. कुत्रं आजारी पडलं आणि मालकाचा फोन लागला नाही, तर निर्णय कुणाचा, खर्च किती रुपयांपर्यंत, आणि ते वाचलं नाही तर त्याचं काय करायचं, हे तिन्ही प्रश्न सही घेऊन आधीच लिहून ठेव. विचारताना जीभ अडखळते. सणासुदीला हे काय अभद्र, असं समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं. तरी विचार. म्हाताऱ्या कुत्र्याचे मालक उत्तर देताना पहिल्यांदाच खाली बसतात, आणि त्या बोलण्यात मला त्या कुत्र्याबद्दल कार्डापेक्षा जास्त कळतं. काहींनी तर ते बोलणं झाल्यावर तिकीटच रद्द केलं. माझं गिऱ्हाईक गेलं, पण मला बरंच वाटलं. तुला नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण रात्री तिकडे निघायला गाडी कुणाची, हेही त्याच कागदावर लिही.

व्हिडिओ कॉलची सवय लावू नकोस. मालकाचा आवाज ऐकला की शांत बसलेलं कुत्रं दार शोधत फिरतं, आणि मालकाचे डोळे पुसून झाल्यावर ते आवरायचं आपल्यालाच असतं. रोज एक फोटो पाठवला की पुरे.

आणि हे कुणी सांगणार नाही म्हणून मीच सांगते: या धंद्यात भाऊबीजेला माहेरी जाणं सुटतं. तुझा बाबा दरवर्षी गोंदियाहून इकडे येतो तो काही माझ्या अनारशांसाठी नाही. मला घर सोडता येत नाही म्हणून येतो. तुझ्या भावाला हे आत्ताच सांगून ठेव.

नाताळच्या सुट्टीत गर्दी बेताची असते, फटाकेही कमी. तेव्हा आठवडाभर माझ्याकडे ये, सगळं हाताने करून बघ, मग ठरव. त्याआधी दवाखान्यात जाऊन तुझं स्वतःचं रेबीजचं लसीकरण सुरू कर. त्याचे डोस काही आठवड्यांत विभागलेले असतात, तेव्हा आजउद्याच जा. ते झाल्याशिवाय मी तुला एकाही खोलीचं दार उघडू देणार नाही.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या