पुरोगामी चर्चमधील प्रौढांचे अभ्यासगट : मॅसॅच्युसेट्समधील एक अनुभव

प्रौढांचा अभ्यासगट ही अमेरिकेतल्या पुरोगामी चर्चची जुनी आणि आजही जिवंत असलेली परंपरा आहे. कामधंद्याला लागलेली किंवा त्यातून निवृत्त झालेली माणसे शास्त्रातला एखादा उतारा किंवा पुस्तकाचे एखादे प्रकरण वाचून येतात, आठवड्यातून एकदा चर्चच्या खोलीत जमतात आणि त्यावर तासदीड तास बोलतात. परीक्षा नसते, प्रमाणपत्र नसते आणि शेवटी सर्वांचे एकमत व्हावे अशी अपेक्षाही नसते. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या पंथाच्या, तसेच एपिस्कोपल, मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन पंथांच्या अनेक मंडळ्यांत असे गट चालतात. पवित्र शास्त्र माणसांनी, त्यांच्या काळाच्या मर्यादेत लिहिले, म्हणून ते अक्षरशः न घेता गंभीरपणे वाचावे, ही या मंडळ्यांची भूमिका असते. स्त्रियांना आणि समलिंगी व्यक्तींना पाळकपद खुले असावे आणि इतर धर्मांतही सत्य असू शकते, असेही त्या मानतात.

पुढील वर्णन मॅसॅच्युसेट्समधील अशा एका मंडळीच्या गटावर आधारलेले आहे. प्रस्तुत लेखिका अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती घरातली असून अनेक वर्षे या गटाची सभासद आहे. नगर आणि मॅसॅच्युसेट्स यांचा हा संबंध योगायोगाचा नाही. १८१३मध्ये मुंबईत आणि १८३१मध्ये अहमदनगरला काम सुरू करणारे अमेरिकन मराठी मिशन बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाने पाठवले होते आणि त्या बोर्डाच्या पाठीशी न्यू इंग्लंडमधली काँग्रिगेशनल चर्चे होती. १८४२मध्ये सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ याच मिशनचा. १९५७मध्ये काँग्रिगेशनल चर्चे एका जर्मन वळणाच्या पंथाशी एकत्र आली आणि युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट स्थापन झाले. ज्या मंडळ्यांनी नगरला मिशनरी धाडले, त्यांच्याच वारसांच्या शेजारी बसून एक नगरकर स्त्री आज शास्त्र वाचते आहे.

या गटांची गरज का निर्माण झाली, हे समजण्यासाठी एक दरी लक्षात घ्यावी लागते. शास्त्राचा ऐतिहासिक अभ्यास एकोणिसाव्या शतकातच पाळकांना शिक्षण देणाऱ्या सेमिनरींमध्ये पोहोचला होता. उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत निर्मितीच्या दोन वेगवेगळ्या कथा आहेत, मार्काच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचने सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत, हे पाळक शिकून येत आणि व्यासपीठावरून त्याबद्दल मौन पाळत. बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागे. हॅरी इमर्सन फॉस्डिक यांनी १९२२मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये मूलतत्त्ववाद्यांच्या विरोधात प्रवचन केले. त्यावरून इतके वादळ उठले की त्यांना ते व्यासपीठ सोडावे लागले. १९३०मध्ये उघडलेले रिव्हरसाइड चर्च पुढे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. बाकावर बसणारा सामान्य सभासद मात्र लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकलेल्या गोष्टींवरच राहिला. डॉक्टर, वकील, अभियंता झालेल्या माणसाचे धर्मज्ञान दहा वर्षांच्या मुलाचे राहावे, ही स्थिती फार काळ टिकणारी नव्हती.

ही दरी मोठ्या प्रमाणावर भरून निघाली ती गेल्या शतकाच्या शेवटी. रॉबर्ट फंक यांनी १९८५मध्ये ‘जीझस सेमिनार’ सुरू केले. शुभवर्तमानांतले येशूचे कोणते उद्गार खरोखर त्याचे असावेत, यावर तिथले विद्वान रंगीत मणी टाकून मतदान करीत. १९९३मध्ये निष्कर्ष छापले गेले, तेव्हा जेमतेम अठरा टक्के उद्गार त्यांना येशूचे किंवा त्याच्या बोलण्याच्या जवळचे वाटले होते. मतदानाची ही रीत वादग्रस्त ठरली आणि ते योग्यच झाले. इतिहास बहुमताने ठरत नाही. पण त्यातून पुढे आलेल्या मार्कस बोर्ग आणि जॉन डॉमिनिक क्रॉसन या दोन अभ्यासकांनी सामान्य वाचकासाठी लिहिले, आणि त्यांची पुस्तके अभ्यासगटांत घरोघरच्या पोथीसारखी वाचली गेली.

गटाची रचना साधी असते. काँग्रिगेशनल परंपरेत प्रत्येक मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहते, त्यामुळे विषयही सभासदच निवडतात. पाळक उपस्थित असले तरी बहुधा इतरांसारखेच खुर्चीवर बसतात आणि चर्चा चालवण्याचे काम आळीपाळीने सर्वांकडे येते. एक गट रविवारी उपासनेच्या आधी बसतो, दुसरा आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी. उतारा मोठ्याने दोनदा वाचला जातो, मध्ये काही क्षण कोणी बोलत नाही. नियम थोडे, पण काटेकोर आहेत. प्रत्येकाने स्वतःच्या अनुभवातून बोलावे, दुसऱ्याला सल्ला देऊ नये, खोलीत सांगितलेले खोलीतच ठेवावे, बोलायचे नसेल तर गप्प राहण्याची मुभा असावी. हे नियम बाहेरून औपचारिक वाटतात. प्रत्यक्षात सगळा गट त्यांच्यावरच उभा आहे. ज्या सभेत पाळकांच्या शब्दाने विषय संपतो, तिथे माणूस आपली खरी शंका कधीच ओठांवर आणत नाही.

लेंत, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, हा अभ्यासाचा मुख्य हंगाम. बोर्ग आणि क्रॉसन यांचे २००६चे ‘द लास्ट वीक’ हे पुस्तक या काळात अनेक ठिकाणी वाचले जाते. मार्काच्या आधारे येशूच्या शेवटच्या आठवड्याचा एकेक दिवस त्यात उलगडला आहे. झावळ्यांच्या रविवारी यरुशलेमेत दोन मिरवणुका शिरल्या असाव्यात, अशी मांडणी सुरुवातीलाच येते. वल्हांडणाच्या सणाला गर्दी होई, बंडाची भीती असे, म्हणून रोमी सुभेदार पिलात समुद्राकाठच्या कैसरियाहून शिपाई घेऊन शहरात येई. ती मिरवणूक पश्चिमेकडून आली. पूर्वेकडून जैतुनाच्या डोंगरावरून शिंगरावर बसून येशू आला. जखऱ्याच्या ग्रंथात शिंगरावर येणारा राजा युद्धाची शस्त्रे मोडणारा आहे, हे ध्यानात घेतले की येशूचे येणे हे योजनापूर्वक केलेले निदर्शन ठरते.

या प्रकरणावरची चर्चा गटातल्या सर्वांत मोलाच्या चर्चांपैकी होती. एका निवृत्त शिक्षकाने आधी पुराव्याचा प्रश्न काढला : पिलाताची मिरवणूक त्याच दिवशी निघाली असे कोणत्याही शुभवर्तमानात नाही. हा आक्षेप बरोबर आहे. लेखकांनी ते त्या काळच्या प्रथेवरून अनुमानाने मांडले आहे. मग बोलणे दुसऱ्या दिशेला गेले. झावळ्या हातात घेऊन चर्चभोवती फिरणारी आजची मंडळी कोणत्या मिरवणुकीत आहे? सैन्यात नोकरी केलेल्या एका ज्येष्ठ सभासदाला हा प्रश्न लागला आणि त्याने तसे स्पष्ट सांगितले. आपण कोणाच्या आज्ञेने कुठे गेलो, कशाचा अभिमान वाटला, कशाची झोप उडाली, हे तो बराच वेळ बोलत राहिला. नियमाप्रमाणे कोणी त्याचे म्हणणे खोडले नाही की त्याची समजूतही घातली नाही. पुढच्या आठवड्यातही तो आला. प्रवचनातून हे घडले नसते, कारण प्रवचनाला उत्तर देता येत नाही.

दुसरा समृद्ध विषय म्हणजे उपासनेत कधीच न वाचले जाणारे उतारे. अनेक प्रॉटेस्टंट पंथ १९९२ची सुधारित सामायिक पाठावली वापरतात. तीन वर्षांच्या त्या चक्रात शास्ते या ग्रंथातला रविवारसाठी एकच छोटा उतारा आहे. इफ्ताहाची मुलगी त्यात नाही. लढाईत जय मिळाल्यास घरातून प्रथम बाहेर येणाऱ्याचे अर्पण करीन, असा नवस बाप करतो आणि डफ वाजवीत त्याची एकुलती मुलगी बाहेर येते. शास्त्र तिचे नाव सांगत नाही, देव तिला वाचवत नाही, आणि नव्या करारातले इब्री लोकांस पत्र इफ्ताहाला श्रद्धावंतांच्या मालिकेत बसवते. फिलिस ट्रिबल यांनी १९८४च्या ‘टेक्स्ट्स ऑफ टेरर’ या पुस्तकात हागार, तामार आणि लेव्याची उपपत्नी यांच्यासोबत तिची कथा लिहिली आणि या स्त्रियांचा शोक करणे हे वाचकाचे काम ठरवले. गटाने ते पुस्तक एका हिवाळ्यात वाचले. या कथांना चांगला शेवट जोडण्याचा मोह होतो. ट्रिबल तो नाकारतात आणि गटानेही नाकारला. वडिलांच्या धार्मिकपणाखाली दबलेले बालपण काही स्त्रियांनी तेव्हा प्रथमच शब्दांत मांडले.

पौल आणि स्त्रिया हा विषय त्या मानाने लवकर आटोपतो. स्त्रियांनी शिकवू नये असे सांगणारे तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र पौलाचे नसावे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. रोमकरांस पत्राच्या शेवटी मात्र फीबी ही सेविका आणि यूनिया ही प्रेषितांत नावाजलेली स्त्री, दोघींचा पौल स्वतः गौरवाने उल्लेख करतो.

सर्वांत अवघड विषय पुनरुत्थानाचा. येशूचे शरीर कबरेतून उठले असे मानणारे आणि शिष्यांना आलेला तो जिवंत अनुभव होता असे मानणारे, दोन्ही या गटात आहेत आणि रविवारी एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेतात. या पंथात मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचे ठरीव निवेदन, ही श्रद्धेची साक्ष मानली जाते, सभासदत्वाची कसोटी मानली जात नाही, म्हणून हे शक्य होते.

लेखिकेच्या सूचनेवरून एकदा पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचला गेला. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धान्तावर आणि चर्चच्या अधिकारावर आपल्या अँग्लिकन मार्गदर्शक स्त्रियांना जे प्रश्न विचारले, ते या पत्रांत आहेत. एखादे मत चर्च सांगते म्हणून स्वीकारायला त्या तयार नव्हत्या. १८८७मध्ये बॉस्टनला त्यांच्या साहाय्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा अध्यक्ष युनिटेरियन पाळक एडवर्ड एव्हरेट हेल होते. पुढे तिच्या पैशावर शारदा सदन ही रमाबाईंची संस्था चालली. गटातल्या अमेरिकन सभासदांना हा इतिहास माहीत नव्हता. आपण नव्याने धीर करून विचारतो आहोत ते प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी बाईने निर्भयपणे विचारले होते, याचा त्यांना झालेला आनंद खरा होता.

या गटांच्या मर्यादाही ठळक आहेत. येणारे बहुतेक गोरे, शिकलेले आणि साठी ओलांडलेले असतात. संध्याकाळच्या पाळीला जाणारा कामगार किंवा लहान मुलांची आई येऊ शकत नाही. पुस्तकावर भर असल्यामुळे वाचनाची सवय नसलेला माणूस बिचकतो. याउलट निकाराग्वाच्या सोलेंतिनामे बेटांवर कॅथलिक धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल यांच्या मंडळीत कोळी आणि शेतकरी प्रवचनाऐवजी शुभवर्तमानावर आपसांत बोलत. ती संभाषणे सत्तरच्या दशकात छापली गेली. दारिद्र्य आणि जुलूम सोसणाऱ्यांनी केलेले ते वाचन अमेरिकन गटांतल्या बहुतेक वाचनापेक्षा खोल आहे. चर्चेवर समाधान मानण्याचा धोकाही आहे. या मंडळीत तो टळला, कारण मंडळीची अन्नबँक हेच सभासद चालवतात आणि तिथले प्रश्न घेऊन खोलीत येतात.

महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत महिला मंडळे, तरुण संघ आणि घरोघरच्या प्रार्थनासभा आहेतच. नवी संस्था काढण्याची गरज नाही. यांपैकी एका सभेत महिन्यातून एकदा प्रवचन बाजूला ठेवून सर्वांना प्रश्न विचारू द्यावेत आणि पाळकांनी त्या दिवशी शेवटचा शब्द आपल्याकडे घेऊ नये. सुरुवात मार्ककृत शुभवर्तमानापासून करावी. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत जुने आणि सर्वांत लहान आहे.