हिल्डेसहाइमची दारे

उत्तर जर्मनीतील हिल्डेसहाइम हे जुने बिशपनगर. तेथील कॅथीड्रलच्या कांस्याच्या दारांपुढे आम्ही उभे राहिलो, तेव्हा कलेचे कौतुक क्षणात बाजूला राहिले आणि आमचीच झडती सुरू झाली.

बिशप बेर्नवार्ड यांनी १०१५ साली ही दारे घडवून घेतली. साडेचार मीटरहून उंच असलेली प्रत्येक झडप अखंड ओतलेली आहे. डावीकडे आदामापासून काइनाने केलेल्या बंधुहत्येपर्यंतची आठ चित्रे वरून खाली उतरतात. उजवीकडे पवित्र मरियेला मिळालेल्या संदेशापासून पुनरुत्थित प्रभूच्या दर्शनापर्यंतची आठ चित्रे खालून वर चढतात.

डावीकडील चौथ्या चित्रापाशी आम्ही थबकलो. देव जाब विचारतो आहे. आदाम हव्वेकडे बोट दाखवतो, हव्वा पायाजवळच्या सर्पाकडे. नेमके त्याच्याच शेजारी, उजव्या दारावर, पिलातापुढे उभा असलेला प्रभू आहे. एकीकडे अपराधी आपला दोष ढकलीत आहेत. दुसरीकडे निरपराधी तो मुकाट्याने वाहत आहे.

२२ मार्च १९४५ रोजी मित्रराष्ट्रांच्या बॉम्बवर्षावात हे नगर जळाले. लाकडी घरांच्या मध्ययुगीन गल्ल्यांची राख झाली, कॅथीड्रल उद्ध्वस्त झाले. दारे आधीच सुरक्षित जागी हलविली होती, म्हणून वाचली. कॅथीड्रलच्या भिंतीवरील प्राचीन गुलाब जळून ढिगाऱ्याखाली गेला. परंतु त्याच वर्षी मुळांतून त्याला नवे कोंब फुटले.

ही कहाणी सांगताना शत्रूकडे बोट दाखवणे किती सोपे! पण याच गावात नोव्हेंबर १९३८ मध्ये यहुदी बांधवांचे सिनेगॉग जाळले गेले होते, आणि ती आग आकाशातून पडलेली नव्हती. १९८८ साली त्या जागी स्मारक उभे राहिले. गावाने बोट स्वतःकडे वळवले. बेर्नवार्ड यांनीच उभारलेल्या संत मायकेलच्या चर्चमध्ये आज वर ल्युथरपंथीय उपासना करतात, तर खालचे तळघर, जेथे त्यांची समाधी आहे, कॅथॉलिकांकडे आहे. एकेकाळी एकमेकांना दोष देणारे आता एका छपराखाली प्रार्थना करतात.

आपल्या घरांतही बोलणे तुटते ते बहुधा याच प्रश्नावर : आधी चुकले कोण? उत्तर देण्यापूर्वी बेर्नवार्ड यांचे ते दार आठवावे. दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापासून भावाचा जीव घेण्यापर्यंत त्यावर अवघ्या चार चित्रांचे अंतर आहे.